निरंक

माझे वडील महसूल खात्यात अव्वल कारकून होते. तहसील कार्यालयातून जिल्ह्याला जाणारी विवरणपत्रे ते पुष्कळदा घरी आणत आणि रात्रीच्या जेवणानंतर ती तपासत बसत. तक्त्यांच्या रेघा आखून देण्याचे काम माझ्याकडे असे. त्या वयात मला एक गोष्ट कोड्यासारखी वाटे. ज्या रकान्यात लिहिण्यासारखे काहीच नसे, तेथेही वडील नेटाने 'निरंक' असे लिहीत. एकदा मी विचारले, "काहीच नाही, तर रकाना कोरा ठेवला म्हणून काय बिघडले?" वडिलांनी पेन खाली ठेवले. म्हणाले, "कोरा म्हणजे काही नाही, असे तुला कोणी सांगितले? लिहिणारा विसरला असेल. गावाहून माहिती आली नसेल. कोणी विचारलेच नसेल. निरंक लिहिले म्हणजे मी पाहिले, आणि तेथे काही नव्हते, असा त्याचा अर्थ."

हे बोलणे मी ऐकले, पण त्याचा अर्थ मला उमगायला तीस वर्षे जावी लागली, आणि तीही माझ्याच सहीने झालेल्या एका चुकीमुळे.

सन २०१४ मध्ये मी पश्चिम ओडिशातील एका जिल्ह्याचा जिल्हाधिकारी होतो. निराधार वृद्धांच्या निवृत्तिवेतनाच्या याद्या तेव्हा जुन्या वह्यांतून आणि सुट्या सुट्या एक्सेल फायलींतून एका नव्या डेटाबेसात उतरवल्या जात होत्या. इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेत केंद्राचा वाटा साठ ते एकोणऐंशी वयाच्या व्यक्तीला दरमहा २०० रुपये आणि ऐंशी व त्यापुढील व्यक्तीला ५०० रुपये असा आहे. शहरात ही रक्कम एका वेळच्या चहा-फराळात संपते. खेड्यात एकट्या राहणाऱ्या बाईच्या घरात तेवढ्यावर महिन्याचे मीठ, तेल आणि औषध चालते. म्हणूनच मृत व्यक्तींच्या नावे कोणी पैसे उचलत नाही ना, हे पाहणेही तितकेच अगत्याचे असते. नवी यादी हाती येताच आम्ही एक चाळणी लावली : ज्यांचे वय शंभराहून अधिक दिसते, त्यांचे वेतन प्रत्यक्ष पडताळणी होईपर्यंत थांबवावे. चाळणी रास्त होती. दीडशेच्या आसपास नावे निघाली. मी टिपणीवर सही केली आणि पुढच्या नस्तीकडे वळलो.

चार महिन्यांनी, तक्रारी ऐकण्याच्या दिवशी, एक वृद्धा माझ्यापुढे येऊन उभी राहिली. हातात पिशवी, पिशवीत बँकेचे पुस्तक. शिरस्तेदाराने यादी पाहून हळूच सांगितले, "सर, यांचे वय एकशे चौदा आहे."

बाई पासष्ट-सत्तरीच्या पलीकडच्या वाटत नव्हत्या. मी विचारले, "माउसी, तुमचे वय किती?"

"वय कोणाला ठाऊक, बाबू. हिराकुडच्या धरणात आमचे गाव गेले तेव्हा धाकट्या भावाला कडेवर घेऊन मी चालत आले होते. इतके मला आठवते."

महानदीवरील हिराकुड धरणाचे उद्घाटन १३ जानेवारी १९५७ रोजी झाले. धाकट्या भावाला कडेवर घेऊन चालणारी मुलगी आठ-नऊ वर्षांची असावी. म्हणजे जन्म १९४७ च्या आगेमागे, आणि वय सदुसष्टच्या जवळपास. बाईंना जन्मतारीख माहीत नव्हती, परंतु त्यांचे वय काढायला पुरेल इतका पुरावा त्यांच्या आठवणीत होता. आमच्या डेटाबेसात मात्र त्यांची जन्मतारीख अगदी ठसठशीतपणे नोंदवलेली होती : १ जानेवारी १९००.

ही तारीख कोणी लिहिली? कोणीच नाही. जुन्या वहीत त्या जागी कोरा रकाना होता. वहीवरून एक्सेलमध्ये उतरवताना तो कोराच राहिला. नव्या डेटाबेसातील तारखेच्या रकान्याला कोरेपणा मान्य नव्हता. काही डेटाबेसांत रिकामी अक्षरमाला तारखेत रूपांतरित केली की ती आपोआप १ जानेवारी १९०० होते. तक्त्यात न बसणाऱ्या अज्ञानाला यंत्राने एक नेटकी तारीख चिकटवली. त्या तारखेवरून वय काढले गेले, वयावरून संशय घेतला गेला आणि संशयावर माझी सही झाली. कोणी खोटे बोलले नव्हते. तरीही एक जिवंत बाई चार महिने मृत धरली गेली होती.

त्या दिवाळीला माझा भाचा बंगळूरूहून आमच्याकडे आला होता. पैशांच्या देवघेवीची प्रणाली लिहिणाऱ्या एका कंपनीत तो काम करतो. जेवताना मी त्याला ही हकिकत सांगितली. तो म्हणाला, "मामा, तुझे नशीब म्हणायचे की तारीख एकोणीसशे सालची पडली. युनिक्सच्या घराण्यातल्या यंत्रात काळाची मोजणी १ जानेवारी १९७० पासून सुरू होते. तेथे कोऱ्या जागेचा शून्य झाला असता तर तीच बाई चव्वेचाळीस वर्षांची ठरली असती, आणि साठी गाठली नाही म्हणून अपात्र. एकाच कोऱ्या रकान्यातून दोन बायका निघतात. एक फार म्हातारी, एक फार तरुण. आणि दोघीही अस्तित्वात नाहीत."

दुसऱ्या दिवशी कार्यालयात जाऊन मी फर्मान काढले : या सर्व खोट्या तारखा पुसून टाका. माहीत नसेल तेथे रकाना खरोखर कोरा ठेवा. डेटाबेसाच्या भाषेत त्याला 'नल' म्हणतात. मला वाटले, प्रश्न सुटला. पुढील महिन्याची यादी नव्याने काढण्यात आली. साठ किंवा अधिक वयाचे ते पात्र, आणि साठहून कमी वयाचे ते अपात्र, अशा दोन याद्या माझ्यापुढे आल्या आणि मी पुन्हा सही केली.

चूक आमच्या बडबाबूंच्या ध्यानात आली, तीही दोन महिन्यांनी. निवृत्तीला आलेले ते गृहस्थ प्रत्येक गोषवाऱ्याची बेरीज हाताने करून पाहात. ते म्हणाले, "आज्ञा, पात्र अधिक अपात्र यांची बेरीज एकूण नावांइतकी येत नाही." (ओडियात 'आज्ञा' हा 'साहेब' या अर्थी आदरार्थी शब्द आहे. मराठी माणसाला तो ऐकताना आपणच हुकूम सोडतो आहोत असे वाटते, आणि पुष्कळदा ते खरेही असते.) शोध घेता कळले, की डेटाबेसाच्या भाषेत नलशी केलेली कोणतीही तुलना खरीही ठरत नाही आणि खोटीही ठरत नाही. ती 'अज्ञात' ठरते. कोऱ्या जन्मतारखेवरून काढलेले वय साठहून अधिक आहे काय? अज्ञात. साठहून कमी आहे काय? अज्ञात. यादीत तर तेवढीच नावे येतात, ज्यांच्याबाबत उत्तर 'खरे' असे आले. म्हणजे जन्मतारीख नसलेली माणसे पात्रांच्या यादीतून गळली आणि अपात्रांच्या यादीतूनही गळली. पहिल्या चुकीत माउसी निदान संशयितांच्या यादीत तरी होत्या. दुसऱ्या चुकीत त्या कोठेच नव्हत्या, आणि ही दुसरी चूक मी सुधारणा समजून केली होती.

मी भाच्याला फोन केला. तो हसला नाही, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. तो म्हणाला, "मामा, आमच्या धंद्यातली ही सर्वांत जुनी जखम आहे." मग त्याने मला सर टोनी होअर यांची गोष्ट सांगितली. क्विकसॉर्ट ही क्रमवारी लावण्याची प्रसिद्ध रीत शोधणारे आणि १९८० चे ट्युरिंग पारितोषिक मिळवणारे हे ब्रिटिश शास्त्रज्ञ. सन १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू या भाषेची रचना करताना त्यांनी 'कोठेही न दाखवणारा निर्देश', म्हणजे नल, भाषेत आणला. कारण इतकेच, की तो आणणे फार सोपे होते. पुढे २००९ मध्ये लंडनच्या एका परिषदेत त्यांनी स्वतःच त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटले. नलचा दोष तो 'नाही' असे सांगतो हा नव्हे. तो 'आहे'च्या वेषात फिरतो, हा त्याचा दोष आहे. ज्या नावाच्या रकान्यात तारीख असायची, त्याच रकान्यात, त्याच प्रकारच्या नावाखाली, तारीख नसणेही बसते. वापरणाऱ्याला बाहेरून काही कळत नाही. प्रत्येक ठिकाणी 'आधी पाहा, आहे का' हे आठवणीने करावे लागते, आणि माणसाची आठवण ही काही यंत्रणा नव्हे.

फंक्शनल म्हणवणाऱ्या भाषांनी यावर जो उपाय काढला, तो मला एखाद्या चांगल्या कार्यालयीन पद्धतीसारखा वाटला. एमएल या भाषेच्या घराण्यात त्याला 'ऑप्शन' म्हणतात, हॅस्केलमध्ये 'मेबी'. पुढे स्काला आणि रस्ट यांनी तो घेतला, आणि २०१४ मध्ये जावाच्या आठव्या आवृत्तीतही त्याचा एक अवतार आला. कल्पना साधी आहे. जी तारीख असेलच असे नाही, तिचा प्रकार 'तारीख' असा नसतोच. तिचा प्रकार 'कदाचित तारीख' असा वेगळा असतो. ही एक बंद पेटी आहे असे समजावे. पेटीत एक तर तारीख असते, नाही तर 'काही नाही' अशी चिठ्ठी असते. जे काम तारीख मागते त्याच्या हाती पेटी दिली, तर भाषेचा कंपायलर प्रोग्रॅम तयारच होऊ देत नाही. आधी पेटी उघडा, आणि दोन्ही शक्यतांचे काय करणार ते लिहा, असे तो बजावतो. रस्टसारख्या भाषेत दोहोंपैकी एक शाखा लिहायची राहिली तर काम तेथेच अडते. हॅस्केलच्या कंपायलरला सांगून ठेवले तर तोही तशी सूचना देतो. विसरण्याची मुभा काढून घेणे, हे या उपायाचे सार.

हॅस्केलमध्ये रिकाम्या पेटीचे नाव 'नथिंग' आणि भरलेल्या पेटीचे नाव 'जस्ट'. 'जस्ट पाचशे' म्हणजे, पेटीत पाचशे आहेत. हे वाचले आणि मी खुर्चीत मागे रेलून हसलो. वडिलांच्या देयकांवर 'अक्षरी रुपये पाचशे मात्र' असे लिहिलेले मी शेकडो वेळा पाहिले होते. 'मात्र' लिहून रकान्याची उरलेली जागा बंद करायची, म्हणजे तेथे दुसरे कोणी काही घुसडू शकत नाही. आमच्या दप्तरात हे दोन्ही शब्द केव्हापासूनच नांदत होते : असेल तर 'मात्र', नसेल तर 'निरंक'. कोरे काहीच ठेवायचे नाही. हॅस्केलची पहिली व्याख्या १९९० ची आहे, आणि वडील त्याच्याही कितीतरी आधीपासून निरंक लिहीत होते.

या पेटीबरोबर काम करण्याच्या रीतीही विचार करण्याजोग्या आहेत. पहिली रीत 'मॅप'. जन्मतारखेवरून वय काढायचे आहे, पण तारीख पेटीत आहे. मॅप म्हणते : पेटीत तारीख असेल तर आतल्या आत तिचे वय करा. नसेल तर पेटी जशी आहे तशी पुढे द्या. 'कदाचित तारखे'चे असे 'कदाचित वय' होते. मध्ये कोठेही कोऱ्या जागेचा आकडा होत नाही. वयावरून पात्रता काढली की 'कदाचित पात्रता' मिळते, आणि तिला तीन उत्तरे असतात : पात्र आहे, पात्र नाही, सांगता येत नाही. माझ्या दोन याद्यांची बेरीज का जुळत नव्हती ते मला येथे कळले. याद्या मुळात तीन होत्या. तिसरी मी मागितलीच नव्हती.

दुसरी रीत 'फ्लॅटमॅप', हॅस्केलमध्ये 'बाइंड'. एका मेजावरून दुसऱ्या मेजावर जाणाऱ्या नस्तीसारखी ही आहे. अर्जावरून कुटुंबाची नोंद शोधा, नोंदीवरून जन्मवर्षाचा पुरावा, पुरावा देणाऱ्या गावाच्या दप्तराचा शेरा. यांतील प्रत्येक पायरीवर 'सापडले नाही' असे होऊ शकते. कोणत्याही मेजावर नस्ती थांबली तर पुढील मेजांना काही करावे लागत नाही. शेवटी बाहेर 'काही नाही' येते. परंतु प्रशासनाला एवढे पुरत नाही. कोणत्या मेजावर थांबली, हे कळायला हवे. त्यासाठी या भाषांत आणखी एक पेटी आहे, हॅस्केलमध्ये 'आयदर', रस्टमध्ये 'रिझल्ट'. तिच्यात एक तर उत्तर असते, नाही तर उत्तर का नाही त्याचे कारण असते. डेटाबेसांचे जनक एडगर कॉड यांनाही हा भेद जाणवला होता. १९९० मधील आपल्या ग्रंथात त्यांनी एकाऐवजी दोन खुणा सुचवल्या : माहिती असायला हवी पण ठाऊक नाही ही एक, आणि माहिती येथे लागूच होत नाही ही दुसरी. अविवाहित माणसाच्या पतीचे नाव आणि विधवेच्या पतीचे न सापडलेले नाव या दोन गोष्टी एक नव्हेत. आपल्या तक्त्यांत दोहोंच्या जागी सारखीच आडवी रेघ असते.

तिसरी रीत सर्वांत मोहक आणि सर्वांत घातक : 'नसेल तर हे घ्या'. स्कालात तिला 'गेट ऑर एल्स' म्हणतात. पेटी रिकामी असेल तर वापरायचे ठरावीक मूल्य आपण आधीच देऊन ठेवतो. यात मुळात गैर काही नाही, कारण अखेरीस कोणाला तरी निर्णय घ्यावाच लागतो. प्रश्न आहे तो निर्णय कोठे आणि कोणी घ्यावा, हा. आमच्या यादीत तो अगदी सुरुवातीला, माहिती उतरवताना, ज्याला अधिकार नाही अशा यंत्राने घेतला. एकदा कोऱ्याचे १९०० झाले की पुढे कोणालाच कळत नाही की येथे कोरे होते. भाच्याचे सांगणे असे, की ठरावीक मूल्य शक्य तितके शेवटी घालावे, जेथे त्याचे परिणाम समोर दिसतात. मी त्यात एवढीच भर घालतो : जो परिणामांना जबाबदार आहे त्याच्याच मेजावर ते घालावे, आणि नावानिशी घालावे.

चौथ्या रीतीला तर रीत म्हणवत नाही. पेटी न पाहताच 'आत आहेच' असे धरून फोडायची सोयही या भाषांत ठेवलेली आहे. रस्टमध्ये तिला 'अनरॅप' म्हणतात. आत काही नसले तर प्रोग्रॅम जागीच कोसळतो. घाईत असलेले लोक ती वापरतात. 'दाखला जोडला आहेच असे समजून' निघालेले आदेश मी स्वतः लिहिले आहेत, तेव्हा मी यावर अधिक बोलत नाही.

या पेटीचा एक गुण मात्र मला इतर सर्वांहून मोलाचा वाटतो. पेटीत पेटी ठेवता येते. पावसाळ्यात पूरनियंत्रण कक्षात बसलेल्या कोणाही अधिकाऱ्याला हे पटेल. दर सहा तासांनी प्रत्येक तालुक्याकडून बाधित गावांची संख्या मागवली जाते. एक तालुका सांगतो, पाच. दुसरा सांगतो, निरंक. तिसऱ्याकडून काहीच येत नाही. तक्ता टंकणारा माणूस थकलेला असतो. दुसऱ्याच्या आणि तिसऱ्याच्या पुढे तो शून्य टंकतो. वरिष्ठ तो तक्ता पाहून बोटी पहिल्या तालुक्याकडे पाठवतात. वस्तुतः तिसरा तालुका गप्प आहे, कारण तेथे वीज नाही, दूरध्वनी बंद आहे आणि रस्ता पाण्याखाली आहे. नलमध्ये हा भेद मावत नाही, कारण नलच्या आत नल नसतो. हॅस्केलमध्ये या तिन्ही गोष्टी वेगळ्या लिहिता येतात : 'जस्ट जस्ट पाच', 'जस्ट नथिंग' आणि नुसते 'नथिंग'. अहवाल आला आणि त्यात पाच आहेत. अहवाल आला आणि त्यात निरंक आहे. अहवालच आला नाही. तिसरे उत्तर मिळेल तेथे बोट आधी पाठवावी.

हे सारे समजल्यावर आम्ही काय केले, ते थोडक्यात सांगतो. आमची प्रणाली हॅस्केलमध्ये लिहिलेली नव्हती आणि ती तशी लिहून घेण्याचा अधिकारही मला नव्हता. परंतु पद्धत बदलता आली. जन्मतारखेच्या एका रकान्याचे आम्ही तीन पर्याय केले : दाखल्यासह तारीख, अंदाजे वर्ष व त्याचा आधार, आणि माहीत नाही. यात नवे काही नव्हते. आधारपत्रातही ज्यांनी केवळ वय सांगितले त्यांच्या पत्रावर पूर्ण तारखेऐवजी फक्त जन्मवर्ष छापले जाई. दुसरे, याद्या तीन काढायच्या आणि तिन्हींची बेरीज एकूण नावांशी जुळल्याखेरीज त्या माझ्यापुढे ठेवायच्या नाहीत. तिसरे, तिसऱ्या यादीतील कोणाचेही वेतन कोऱ्या रकान्याच्या आधारे थांबवायचे नाही. थांबवायचे असेल तर कोणीतरी घरी जाऊन पाहावे आणि कारण लिहून सही करावी.

मंत्रालयीन प्रवृत्तीच्या माणसाला यावर एक सोपा उपाय सुचतो आणि तो मलाही सुचला होता : रकाना सक्तीचा करा, तांबडा तारा लावा, भरल्याखेरीज पुढे जाऊच देऊ नका. याचे फळ काय मिळते ते मी पाहिले आहे. गर्दीत बसलेला माहिती भरणारा मुलगा तारीख नसेल तेथे १ जानेवारी टाकतो, आणि दूरध्वनी नसेल तेथे दहा वेळा नऊ दाबतो किंवा आपलाच क्रमांक देतो. सक्तीने माहिती मिळत नाही, आकडा मिळतो. जे नसू शकते, ते नसू शकते असे अर्जातच मान्य केले, तरच माणूस खरे लिहितो. भाषेतील ती पेटी नेमके हेच करते. 'नाही' म्हणण्याला ती प्रतिष्ठेची जागा देते आणि त्या बदल्यात पुढच्या प्रत्येकाकडून त्याची दखल घेण्याची हमी घेते. संगणकात ती हमी कंपायलर घेतो. कार्यालयात कंपायलर नसतो. तेथे सही करणारा असतो, आणि दोन वेळा मीच ते काम केले नव्हते.

तिसऱ्या यादीतून एक ग्रामसेवक माउसींच्या घरी गेला. त्याने लिहून आणलेला शेरा मी जपून ठेवला आहे : अंदाजे जन्मवर्ष १९४७, आधार हिराकुड विस्थापनाची आठवण व शेजारच्या दोन वृद्धांचा दुजोरा. वेतन पुन्हा सुरू झाले आणि थकबाकीही मिळाली.

त्या उन्हाळ्यात घरी गेलो तेव्हा मी वडिलांना ही सगळी कथा ऐकवली. हॅस्केल, होअर, पेटीतील पेटी, सगळे. निरंकचे एवढे गुणगान ऐकून ते सुखावतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "सहा महिने त्या बाईने खाल्ले काय?"

तिने एक बकरी विकली होती, हे ग्रामसेवकाच्या शेऱ्यात नव्हते. ते मला नंतर, गावी गेलो तेव्हा कळले. तसा रकाना आमच्या कोणत्याही अर्जात नाही.